आक्काचा तक्ता आणि रातची अष्टमी

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी. मला एकोणिसावं सरत आलं होतं, मिसरूड नीट फुटलं होतं आणि नारायणगावात आपल्याइतकं शहाणं कोणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. शाळा मी चौथीत सोडली. मास्तरांनी घालवलं नाही, मीच उठून आलो, हे आजही मी नातवंडांना ठणकावून सांगतो. मराठी वाचता येत होतं, सही येत होती, बाकी जे लागतं ते डोक्यात होतं. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, एका तमाशाच्या फडाचे व्यवस्थापक होते. फड मुलूखभर फिरायचा आणि आण्णा नारायणगावात बसायचे, कारण जत्रांचा हंगाम आला की गावोगावची पंचमंडळी फड ठरवायला इथंच येतात. रस्त्याच्या कडेला कनाती ठोकून रांगेनं राहुट्या लागतात, प्रत्येक राहुटी एका फडाची. मंडळी येणार, गादीवर टेकणार, आमच्या जत्रेला या म्हणून बोलणी करणार आणि जमलं की विड्याच्या पानावर सुपारी ठेवून आण्णांच्या हातात देणार. सुपारी घेतली की शब्द गेला. त्या रात्री फड त्या गावात उभा राहणार म्हणजे राहणार, मग ट्रक घाटात बंद पडो नाहीतर ढोलकीवाला तापानं फणफणो.

राहुटीच्या मागच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर. आईच्या चुलीचा धूर कनातीत शिरायचा आणि कनातीतली बोलणी चुलीपाशी ऐकू यायची, त्यामुळं कोणत्या गावाची बैठक लांबली, किती भाकरी वाढवायच्या, हे आईला न विचारता कळायचं. आलेल्या मंडळींना नुसत्या चहावर घालवायचं नाही हा तिचा हट्ट. ती मासवडी करायची. तीळ, खोबरं, खसखस, लसूण पाट्यावर भरड वाटून, शिजलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापून त्यात ते सारण भरायची आणि फडक्यानंच गुंडाळी वळायची. सुरीनं वड्या पडल्या की मी पहिल्या दोन टोकाच्या उचलायचो, कारण टोकाच्या वड्या पाहुण्याला वाढत नसतात. रस्सा असा जाळ की पंचमंडळी नाक पुसत पुसत बोलणी करायची. दिवसभर शेजारच्या राहुट्यांवरचे कर्णे एकावर एक ओरडायचे, कुठं ढोलकीची पुडी ताणून बघत असायचे, आणि या सगळ्यात आण्णांचा अडकित्ता कट कट चाललेला. आण्णा बोलत कमी. अडकित्ता थांबला की समजायचं, आण्णा विचार करतायत.

कोणत्या गावाची जत्रा कधी, हे आण्णांना तोंडपाठ होतं आणि त्यांच्या मागं बसून बसून मलाही झालं होतं. पाडव्यापासून वैशाखी पुनवेपर्यंत एकोणचाळीस गावं. कोणाची चतुर्थी, कोणाची सप्तमी, कोणाला रात्रीच्या खेळाबरोबर सकाळची हजेरीही लागते, म्हणजे देवळापुढं फडानं उतरत्या उन्हापर्यंत गायचं, मग पुढचं गाव जवळचंच घ्यायला हवं. कोणत्या रस्त्यावर ट्रक चढत नाही. कुठं दोन भावकींचं मंडप कुठं घालायचा यावरून वाजतं. हे मी कधी शिकलो ते मला सांगता येणार नाही. आता माझी नात म्हणते, आबा, तुम्ही म्हणजे सर्व्हर होता. मी म्हणतो, असेन बाई.

माझी थोरली बहीण सुमन, तिला आम्ही आक्का म्हणायचो, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती शाळेला चिकटून राहिली ती अशी की कॉलेज करून पुण्याला विद्यापीठात गेली. तिथं एक नवा कोर्स निघाला होता. धंद्यात मशीन कशी वापरायची आणि माहितीचा कारभार कसा ठेवायचा याचा तो अभ्यास. आण्णांनी तिला तिकडं कसं पाठवलं याचं भावकीला आश्चर्य वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही. आळेफाट्याकडचं एक स्थळ दोन वर्षं थांबलेलं होतं. त्या हिवाळ्यात ती सुट्टीला आली तेव्हा आण्णांनी तिला समोर बसवून सांगितलं. पाडव्याच्या हंगामात तुझ्या शिकण्याचा राहुटीला काही उपयोग दिसला तर परीक्षेला बस, नाहीतर वैशाखात लग्न. आक्कानं मान हलवली. तिला परीक्षेसाठी एका खऱ्या धंद्याची माहिती-व्यवस्था बांधून दाखवायची होतीच. तिनं आमची राहुटी धरली.

माहितीची व्यवस्था म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलंही नाही, कारण विचारलं तर कळत नाही हे कळलं असतं. आई मात्र विचारायची. विद्यापीठात एका गार खोलीत ती मशीन आहे, आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात, असं आक्कानं सांगितलं तेव्हा आईनं विचारलं, आत देव्हारा हाय का? आक्का म्हणाली, नाही गं, ती गार ठेवावी लागते नाहीतर बिघडते. त्यावर आण्णा म्हणाले, मग दुधाची डेअरी म्हण की. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून त्या मशीनला खाऊ घालतात आणि ती कागद छापून देते, हे ऐकल्यावर तर मी ठरवूनच टाकलं की पुण्याच्या लोकांनी आक्काला बनवलंय.

ती रोज दुपारी राहुटीत माझ्याजवळ बसायची. जुन्या जाहिरातींच्या पाठकोऱ्या बाजूवर चौकटी काढायची, चौकटीतून बाण काढायची, बाणावर काहीतरी इंग्रजीत लिहायची. गावाची मंडळी आली की पहिलं काय विचारतात? मग तुम्ही काय बघता? नाही म्हणायचं कोण ठरवतं? मला हे प्रश्न लई पोरकट वाटायचे. मंडळी येतात, बसतात, ठरतं. यात बाण कुठून आला? एकदा मी एका चौकटीवर बोट ठेवून विचारलं, हा कोण? ती म्हणाली, तू. मी विचारलं, माझं नाव कुठाय? ती म्हणाली, नाव नसतं लिहायचं, 'माहितीचा स्रोत' लिहायचं. स्रोत म्हणजे काय तेही मला माहीत नव्हतं. आण्णांच्या चौकटीत 'निर्णय' लिहिलेलं होतं, मोठ्या चौकटीत, आणि मी खाली कोपऱ्यात, बिननावाचा. एकोणचाळीस गावं माझ्या तोंडून निघाली होती. ते मला लागलं. आजही लागतं, पण आता हसूही येतं.

त्याच आठवड्यात तिनं तिथीचा प्रश्न विचारला. पंचांग मांडीवर घेऊन ती एकेका गावाची तिथी मला विचारायची आणि पंचांगातून वार आणि तारीख काढून लिहायची. मध्येच थांबून म्हणाली, "दत्ता, सगळी गावं तिथी सारखीच मोजतात का रे? म्हणजे सूर्य उगवताना जी तिथी तीच?" मी म्हटलं, तिथी म्हणजे तिथी. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मी कर्ण्याकडं बघत बसलो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी फणकारलो, "तुझ्या स्रोताला विचार. अष्टमी म्हणजे अष्टमी." ती लिहीत राहिली.

आता हे लिहिताना मी कितीदा पेन खाली ठेवला. मला माहीत होतं की नव्हतं? आणे गावाजवळच्या पठारावरच्या एका गावाची जत्रा अष्टमीची. नाव घेत नाही, त्या गावात मला अजून जेवायला बोलावतात. ती अष्टमी ते रातची धरतात. म्हणजे ज्या रात्री अष्टमी लागलेली असेल त्या रात्री देवाची पालखी निघते, त्यांच्याकडं छबिना म्हणतात, आणि तमाशाचा खेळही त्याच रात्री, मग दुसऱ्या दिवशी सूर्य कोणत्या तिथीला का उगवेना. बाकीची गावं उगवतीची तिथी धरतात. मी सलग तीन वर्षं त्या पठारावर फडाबरोबर गेलो होतो. गेलो ते बरोबर रात्रीच गेलो होतो. पण 'हे गाव वेगळं मोजतं' असं वाक्य माझ्या डोक्यात कधी तयारच झालं नव्हतं. पाय ओळखत होते, तोंडाला ठाऊक नव्हतं. का मी रागानं दाबून टाकलं? चाळीस वर्षं झाली, मला ठरवता येत नाही.

फाल्गुनात आक्का पुण्याहून आली ती काखेत कागदाची वळकटी घेऊन. एवढा रुंद कागद मी पाहिला नव्हता. दोन्ही कडांना ओळीनं भोकं, एकाआड एक हिरवे पट्टे आणि त्यावर टाइप मारल्यासारखी इंग्रजी अक्षरं. प्रत्येक ओळीशेजारी तिनं माझ्यासाठी शिसपेन्सिलीनं मराठीत गाव आणि वार लिहिले होते. सुपारी घेतली की त्या ओळीवर टीक करायची, टीक नसलेला दिवस मोकळा. आईनं कागदाला हळद-कुंकू लावलं. आण्णांनी तो राहुटीच्या खांबाला टांगू दिला, पण त्याच्याकडं बघितलं नाही.

पाडव्याला आठवडा असताना आण्णा आंबेगाव तालुक्यात घोडेगावला लग्नाला गेले. दोन दिवस राहुटी माझ्यावर. पहिल्या दिवशी पारगावच्या बाजूचं एक नदीकाठचं गाव आलं. त्यांची सप्तमी, सोमवार, कागदावर मोकळा. सुपारी घेतली, टीक केली. दुसऱ्या दिवशी पठारावरून तात्या आले, त्या गावचे कारभारी, पांढरा फेटा, आवाज बारीक. अष्टमीचं बोलले. मी कागद बघितला. अष्टमी मंगळवार, मोकळा. सुपारी हातावर घेताना माझ्या आत कुठंतरी अडखळल्यासारखं झालं, पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं. पण मी कागदाकडं बघितलं. त्या कागदावर माझा काडीचा विश्वास नव्हता. तो खरा ठरावा असं मात्र मला वाटायला लागलं होतं. कागद खरा ठरला तर आक्का शिकणार होती. मी टीक केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णा परत आले, अजून पायावर पाणी घेत होते तेवढ्यात आक्काचे सर आले. ते जुन्नरला लेणी बघायला निघाले होते आणि जाता जाता त्यांना आक्काचं काम प्रत्यक्ष चाललेलं बघायचं होतं. त्यांच्या पिशवीत एक फॉर्म होता. व्यवस्था वापरात आहे असं त्यावर राहुटीच्या व्यवस्थापकानं आणि सरांनी सही करायची, मग आक्काला परीक्षेला बसता येणार. सर गादीवर मांडी घालून बसले, मासवडी खाल्ली, डोळे पुसले, पुन्हा मागितली. आण्णांनी फॉर्म हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि सही केली. मी आणि आक्का एकमेकांकडं बघत राहिलो. आण्णांची सही झाली म्हणजे लग्न टळलं. राहिली सरांची.

त्याच वेळी तात्या पुन्हा आले, मंडप कुणीकडं तोंड करून घालायचा ते सांगायला. सरांना आयताच माणूस सापडला. त्यांनी कागद मांडीवर ओढला आणि तात्यांना विचारलं, बाबा, तुमची जत्रा कधी? तात्या म्हणाले, अष्टमीला. सरांनी ओळीवर बोट ठेवलं, म्हणाले, बरोबर, मंगळवार, आणि खिशातून पेन काढलं. तात्या त्यांना समजवायला लागले.

"मंगळवारी हजेरी. छबिना सोमवारी रातच्याला. आमची अष्टमी रातची, सायब."

सर हसले, मान डोलावली, त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. आण्णांचा अडकित्ता थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कागदावरच्या टिकांकडं बघितलं, मग पुन्हा अडकित्ता चालवायला लागले, सावकाश. आण्णांना कळलं होतं आणि आण्णा गप्प बसले होते. ज्या माणसानं आयुष्यात दिलेला शब्द मोडला नाही तो माणूस पोरीच्या सहीसाठी सुपारी कातरत बसला होता. बोलू की नको? बोललो तर आक्काचं शिक्षण गेलं, नाही बोललो तर एका गावाचं रिकाम्या मंडपापुढं हसं. घटकाभर गप्प बसलं की सर जाणार होते.

आक्का म्हणाली, "दत्ता, सोमवारी कोण?"

मी कागदावरची टीक बघत राहिलो.

"सोमवारी कुणाची सुपारी घेतलीस?"

"नदीकाठची."

तिनं सरांच्या हाताखालून फॉर्म ओढून घेतला, म्हणाली, सर, सही नका करू, चुकलंय. तेव्हा कुठं माझी जीभ सुटली. मी म्हटलं, "चूक माझी हाय. तिनं तीनदा विचारलं व्हतं. मी सांगितलं न्हाई." सर एकदा आक्काकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागले. मग आम्ही सगळ्यांनीच एकदम समजवायला सुरुवात केली आणि जितकं समजवलं तितके ते गोंधळत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, म्हणजे अष्टम्या दोन आहेत का?

"अष्टमी एकच हाय," तात्या म्हणाले. "गावं दोन हायती."

सरांनी पेनाला टोपण लावलं. रागावले नाहीत. आक्काला एवढंच म्हणाले की महिन्याभरात फॉर्म माझ्या टेबलावर हवा, आणि कागदात न आलेलं अजून काय काय आहे ते मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, ते आधी बघ. त्यांना जुन्नरची गाडी गाठायची होती. आईनं त्यांना डब्यात मासवडी बांधून दिली.

सर गेल्यावर तात्यांना सगळं सांगावं लागलं. मी पठाराची सुपारी त्यांच्यापुढं ठेवली, कारण नदीकाठची आधी घेतलेली होती. त्या रात्रीसाठी दुसरा फड मी स्वतः बघून देतो, असं आण्णा म्हणाले. तात्यांनी सुपारीला हात लावला नाही. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"हितं न्हाई घ्यायची मी," ते मला म्हणाले. "तू घेतलीस ती माझ्याकडनं न्हाई, गावाकडनं घेतलीस. देवळापुढं येऊन दे. लोकं बोलतील ते ऐकून घे, मग जा."

ते गेल्यावर स्थळाचं आता निघणार, असं वाटून आक्का खाली बघून कागदाची वळकटी करत होती. आण्णांनी तिच्या हातातून ती घेतली, उलगडली आणि आयुष्यात पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत बघितली. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं एकेक गाव बोटानं लावत वाचलं. मग म्हणाले, "मला इचारू नगा. मी सांगितलं म्हंजे ते माझ्या डोक्यातलं झालं, आन डोक्यात काय काय ऱ्हातं ते आज बघितलं. एकोणचाळीस गावं हायती. जाऊन इचारा. महिना हाय."

आक्का त्याच वर्षी पास झाली की पुढच्या, यावर आमचा अजून वाद आहे. ती म्हणते त्याच. ती आता पुण्यात असते, गुडघ्यांनी हैराण आहे, आणि माझ्यापेक्षा तिचं लक्षात राहतं यावर माझा अजून विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्या एसटीनं आण्याला उतरलो आणि तिथून पठाराच्या रस्त्यानं चालत गेलो. आक्काच्या काखेत नवी वही, माझ्या खिशात रुमालात बांधलेली सुपारी. गाव देवळापुढं जमलेलं होतं, तात्यांनी सांगून ठेवलं असणार. मी पायरीवर सुपारी ठेवली, हात जोडले आणि उभा राहिलो. लोक बोलले. नारायणगावची पोरं लई शहाणी झाली, कागद बघून देव ठरवतात, असं बोलले, अजूनही बोलले, ते मी लिहीत नाही. मान खाली घालायची मला सवय नव्हती, मानेला रग लागली. सगळ्यांचं संपल्यावर मी जायला वळलो तर आक्का तिथंच पायरीवर बसलेली, वही उघडून. माझ्याकडं बघून म्हणाली, विचार. मी म्हटलं, काय विचारू, ते तर कळलंच आहे. ती म्हणाली, तरी विचार.

मला उत्तर ठाऊक असलेला प्रश्न मी तोवर कोणाला विचारला नव्हता, आणि नसलेलाही फारसा नाही. देवळाचे गुरव खांबाला टेकून बसले होते. मी त्यांच्याकडं बघून विचारलं, "बाबा, तुमची अष्टमी उगवतीची का रातची?"

"रातची," गुरव म्हणाले. "पर बुधवारी आली तर उगवतीची."

आक्काची पेन्सिल थांबली. तिनं पान उलटलं. मी चपला काढल्या, गुरवांच्या समोर जमिनीवर मांडी घातली आणि विचारलं, "बुधवारी का?"